पिठाची गिरणी, जळकोट

कावेरीबाईंच्या नावापुढे 'गृहिणी' हा शब्द मी लिहिला. लिहिताना मला काहीच वाटलं नाही, हे आधी सांगितलं पाहिजे.

नांदेडच्या कॉलेजातून १९८१ साली बी.एस्सी. झालेल्या आमच्या वर्गाचा मेळावा गेल्या डिसेंबरात लातूरला भरवायचं ठरलं होतं. वर्गात आम्ही एकसष्ट जण, त्यात मुली सात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आठ वर्षांत एकेक करत सत्तेचाळीस जण जमले. बाकीच्यांपैकी काही वारले, काहींचा पत्ता लागला नाही. उदगीरचा मलप्पा बिरादार आमच्यात सगळ्यांत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, म्हणून तो मेळावा समितीचा अध्यक्ष. मेळाव्यात वाटायला एक परिचय पुस्तिका काढायची, असं त्याने ठरवलं. फोटो, नाव, गाव, हुद्दा, फोन. मजकूर गोळा करायचं काम त्याने माझ्याकडे दिलं.

"वैजनाथ, तू जन्मभर आवक-जावक सांभाळलीस. हे तुलाच जमेल."

ते खरं होतं. पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षं आवक-जावक लिपिक होतो. आलेल्या पत्राला नंबर टाकायचा, गेलेल्या पत्राला नंबर टाकायचा. पत्रात काय लिहायचं ते ठरवणारे दुसरे. मी मलप्पाला हो म्हणालो. नाही म्हणायची सवय नव्हती.

पुरुषांची माहिती आठ दिवसांत आली. काहींनी तर हुद्द्याबरोबर मिळालेल्या पुरस्कारांची यादीही पाठवली. मुलींची माहिती मिळायला महिना गेला. लग्नानंतर त्यांची आडनावं बदललेली, कुणाचं तर नावही बदललेलं. कावेरी घुगे ही आता जळकोटची कावेरी केंद्रे आहे, हे मला धर्माबादच्या एका मेहुण्याच्या ओळखीतून कळलं. फोन केला तर तिच्या मुलाने, रविकिरणने उचलला. मागे कसली तरी मोठी घरघर चालू होती. मला वाटलं, लाइन खराब आहे.

"आई कामात आहे, काका. काय पाहिजे ते मला विचारा."

मी विचारलं, आई काय करतात? तो म्हणाला, "घरीच असते. गृहिणी लिहा."

मी लिहिलं. बाकीच्या मुलींच्या घरीही असंच झालं. फोन कधी नवऱ्याने उचलला, कधी सुनेने. दोघी शाळेत शिक्षिका होत्या, त्यांना हुद्दा होता. उरलेल्या पाच जणींपुढे मी एकाच अक्षरात एकच शब्द पाच वेळा लिहिला.

कच्ची प्रत ग्रुपवर टाकली, तपासून घ्या म्हणून. हात जोडलेले आले, फुलं आली, अंगठे आले. किशन म्हणाला त्याचा फोटो जुना आहे, मलप्पा म्हणाला जुनाच बरा दिसतो. मग दुपारी एक आवाजी निरोप आला. मागे तीच घरघर.

"मी कावेरी घुगे. रोल नंबर एकोणीस. माझ्या पोराने मला आजच ह्या ग्रुपात घातलं, म्हणून आज बोलते. माझ्या नावापुढं गृहिणी लिहिलंय, ते खोडा. माझी गिरणी हाय. जळकोटात बत्तीस वर्षं झाली, मी दळण दळते. तेवढं लिहा."

अर्ध्या तासाने मलप्पाने लिहिलं, 'नक्कीच ताई. आम्हा सर्वांना आपला अभिमान आहे. दुरुस्ती करत आहोत.' आणि मला फोन करून म्हणाला, "उद्योजिका टाक."

मी टाकलं. संध्याकाळी पुन्हा निरोप आला. ह्या वेळी घरघर नव्हती, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला.

"उद्योजिका न्हाई. गिरणी म्हणलं होतं मी. पिठाची गिरणी."

मलप्पाचा फोन लगेच आला. "लई हट्टी हाय रे ही." रागावला की त्याची अधिकाऱ्याची भाषा सुटते आणि उदगीर बाहेर पडतं. "अरे, पुस्तिका कॉलेजला जाणार, पाहुण्यांच्या हातात जाणार. एका पानावर शास्त्रज्ञ, दुसऱ्या पानावर दळण. तिचाच मान राखायलोत आपण. तू जाऊन ये जळकोटला. फोटो पण घेऊन ये. समजव तिला."

समजावण्यासाठी मी आयुष्यात कुठे गेलेलो नाही. तरी गेलो. नांदेडहून कंधार, जांब करत एसटी दुपारी जळकोटला पोचली. गिरणी विचारावी लागली नाही. स्टँडवरूनच दोन बाया डोक्यावर डबे घेऊन निघाल्या होत्या, त्यांच्या मागे गेलो.

कावेरीबाई उंच, वाळकी. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, भुवयांवर पीठ. कॉलेजात तीन वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. तेव्हा मुलंमुली बोलत नसत आणि मी तर मुलांशीही फार बोलत नसे. तिने माझ्याकडे पाहिलं, डब्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बसा पांचाळ. आधी ज्वारी होऊ द्या, मग गहू, मग डाळ. डाळीनंतर ज्वारी घातली तर भाकर पिवळी येते आन बाया माझ्या नावानं ओरडतात."

तिला माझं आडनाव आठवत होतं.

लाइट चारला जाणार होती. ती गेल्यावर घरघर थांबली, बाया गेल्या आणि कावेरीबाईंनी वरचा दगड उचकटून उलटा केला. आठ-दहा दिवसांनी दगड गुळगुळीत होतो, मग त्याला हातोड्याने नव्या खाचा पाडाव्या लागतात. त्याला टाकी मारणं म्हणतात. ती खाली बसून ठोकू लागली. ठोके ऐकता ऐकता माझ्या तोंडून निघून गेलं, "हत्याराला पाणी कमी पडलंय. पोलाद मऊ राहिलंय, धार लगेच मोडते."

ती थांबली. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"वडील लोहार होते."

"कॉलेजात तर शेती म्हणायचे तुम्ही. हजेरीच्या वेळी सर विचारायचे तेव्हा."

ती हसली आणि पुन्हा ठोकू लागली. ठोकता ठोकताच तिने सांगितलं ते मी इथे लिहितो.

बी.एस्सी. झाली, पहिला वर्ग आला, पुढच्या वर्षी लग्न झालं. नवऱ्याची, भारतरावांची, ही गिरणी होती. १९९२ साली चालू मोटारीवर पट्टा चढवताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यांना उदगीरला दवाखान्यात नेलं. घरी ही, कडेवर लेकरू, आणि गिरणीच्या खोक्यात लोकांचं अर्धं दळलेलं धान्य.

"लोकाचं दळण अडकून पडलेलं मला बघवंना. पट्टा, चाक, फिरकी, हे सगळं आपण प्रॅक्टिकलला काढलेलंच की. मोठ्या चाकानं छोटं किती फिरतं, ते. वही होती माझी अजून. वाचलं आन चालू केली."

तिसऱ्या दिवशी गावातली माणसं आली. बाईने गिरणी चालवावी, यालाही ते कसेबसे तयार झाले. म्हातारे महादेवप्पा पुढे होते. म्हणाले, पोरी, चालव. पण महिन्याचे ते चार दिवस बंद ठेव. विटाळाच्या हाताच्या पिठाची भाकर देवापुढं कशी ठेवायची?

"मी म्हणलं, मामा, मग त्या चार दिवशी देवाला उपास घडू द्या."

दुसऱ्या दिवशी तिने दारावर पाटी लावली. ती अजून आहे, मी पाहिली. पत्र्याची आहे, अक्षरं दोनदा गिरवलेली दिसतात. 'गिरणी महिन्याचे तीसही दिवस चालू राहील.'

"एकतीस लिहायला पायजे होतं," ती म्हणाली. "पण रागात लिहिलं, मोजलं न्हाई."

सतरा दिवस एकही डबा आला नाही. लोक तीन कोस लांब जाऊन दळून आणायचे. ती रोज सकाळी गिरणी उघडायची, झाडायची, दारात बसायची, संध्याकाळी बंद करायची. अठराव्या दिवशी भर उन्हात महादेवप्पांचीच सून पदराखाली डबा झाकून आली. म्हणाली, अक्का, तीन कोस चालून माझे पाय गेले, म्हाताऱ्याला सांगू नका. त्या रात्री महादेवप्पांनी भाकर खाल्ली आणि पीठ बारीक आलंय म्हणाले. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

"आता तुम्ही सांगा पांचाळ. मी 'गिरणी' हा शब्द सतरा दिवस उपाशी बसून कमावला. तुम्ही तो खोडायला एसटीचं तिकीट काढून आलाव."

तेवढ्यात रविकिरण आला. पुण्याला कंपनीत इंजिनिअर, सुट्टी मिळाली की घरी येणारा, आताही दोन दिवसांसाठी आला होता. चहा आणला होता त्याने. माझ्या तोंडाकडे पाहून त्याला सगळं समजलं असावं.

"आई, उद्योजिकामध्ये वाईट काय आहे? म्हणजे तीच गिरणी. फक्त चांगल्या शब्दात."

"म्हणजे गिरणी वाईट शब्द झाला का?"

"तसं नाही. शाळेत मला पिठ्या म्हणायचे, तुला माहीत आहे."

"माहीत हाय. तू रडत यायचास. मी म्हणायची, त्यांना म्हण की तुमच्या घरची भाकर कुणाच्या पिठाची. एकदा तरी म्हणलास का?"

तो चहा ठेवून आत गेला. पोरगा चांगला आहे, मला त्याच्यात मीच दिसत होतो.

मी म्हणालो, "मी गिरणी लिहितो. माझा शब्द."

"बरं. आन तुमच्या नावापुढं काय लिहिलंय?"

"सेवानिवृत्त अधिकारी."

"कोणते अधिकारी?"

मी चहा पिऊ लागलो. तो संपला तरी ती थांबून होती. "मलप्पाने लिहिलं ते," मी म्हणालो.

"आन तुम्ही राहू दिलं."

निघताना तिने स्टँडपर्यंत सोडलं. म्हणाली, "मला यायचं हाय लातूरला. त्रेचाळीस वर्षं झाली, त्या सहा जणींची तोंडं बघायची हायत. पण पुस्तकात दुसरं काही छापलं तर मी त्या पुस्तकात न्हाई. मग नाव गाळा. माझ्या नावावर दुसरी बाई नको."

नांदेडला आल्यावर मी बाकीच्या चौघींना पुन्हा फोन लावले आणि ह्या वेळी ज्याने उचलला त्याला म्हणालो, बाईंनाच द्या. नीलाबाई वीस वर्षं विम्याची एजंट निघाली. एक जण शिवणक्लास चालवते. सुकन्या मात्र म्हणाली, "गृहिणीच लिहा. तेच काम केलं मी जन्मभर, लाजायचं काय त्यात?" चौथी म्हणाली विचार करून सांगते, आणि अजून सांगितलेलं नाही, तिची जागा मी कोरी ठेवली.

पक्की प्रत मी स्वतः टाइप करून मलप्पाकडे पाठवली. 'कावेरी घुगे-केंद्रे. पिठाची गिरणी, जळकोट.' माझ्या नावापुढचा शब्द मात्र तसाच राहिला. बदलायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, असू द्या की, कुणाचं काय जातं. ते मला सोयीचं वाटलं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी आठला मी लातूरच्या मंगल कार्यालयात पोचलो. टेबलावर पुस्तिकांचे गठ्ठे होते, साठ प्रती. छपाई मलप्पाने लातूरलाच करून घेतली होती. मी उघडून पाहिलं. 'सौ. कावेरी केंद्रे. उद्योजिका, अन्नप्रक्रिया क्षेत्र.' सुकन्या सोडून बाकीच्यांनाही असंच काहीतरी चिकटवलं होतं. कोऱ्या जागेतही 'गृहिणी' बसली होती.

कावेरीबाई दहाला येणार होत्या. मी खिशातलं पेन काढलं, खुर्ची ओढली आणि पहिल्या प्रतीवर 'उद्योजिका, अन्नप्रक्रिया क्षेत्र' ही अक्षरं सरळ रेघेने खोडली. वर लिहिलं, पिठाची गिरणी, जळकोट. खाली माझ्या खात्याच्या सवयीने सही केली. मग दुसरी प्रत घेतली.

सव्वीस प्रती झाल्या होत्या तेव्हा मलप्पा समोर येऊन उभा राहिला. नवा कोट, हातात गुलाबाच्या फुलांची टोपली.

"काय करायलास हे?"

"दुरुस्ती."

"छापलेल्या पुस्तकात पेनने? शाळेतल्या पोरासारखं?"

"अक्षर चांगलं काढतोय."

"वैजनाथ." तो खाली वाकून हळू बोलला, माझ्यावर उपकार करत असल्यासारखा. "अरे, मी कुणासाठी केलं हे? तिच्यासाठीच की. तुझ्यासाठी पण. अधिकारी लिहिलं तेव्हा तर तू काही बोलला नाहीस."

"तिथं चुकलंच माझं."

"ठेव ते पेन."

"न्हाई," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. पण तो मागे सरकला, कारण मी त्याला असं कधी म्हटलं नव्हतं. मग त्याने न खोडलेले गठ्ठे उचलले आणि दारात वाटायला नेले. माझ्याजवळच्या सव्वीस प्रती मी दुसऱ्या दारातून वाटल्या.

त्यामुळे झालं असं की हॉलमध्ये शेजारी शेजारी बसलेल्यांकडे वेगवेगळी पुस्तकं होती. लोक एकमेकांच्या प्रतीत डोकावू लागले. "तुझ्यात खोडलंय का? माझ्यात न्हाई." किशन मोठ्याने म्हणाला, "मला खोडलेलंच पायजे, त्यात कायतरी भानगड हाय."

कावेरीबाई रविकिरणच्या गाडीतून आल्या. हिरवं लुगडं, भुवया स्वच्छ धुतलेल्या. मी क्षणभर ओळखलंच नाही. मलप्पाने त्यांना गुलाब दिला आणि त्याच्या गठ्ठ्यातली प्रत दिली. त्यांनी पान काढलं, वाचलं, पुस्तक मिटून काखेत धरलं. मी तिघांपलीकडे बसलो होतो. मला वाटलं, आता उठून जातील. त्या मुलींच्या ओळीत जाऊन बसल्या. जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

दीपप्रज्वलन झालं. गेलेल्यांसाठी दोन मिनिटं उभं राहिलो. मग परिचय सुरू झाला. मलप्पा माइकवरून नाव आणि हुद्दा वाचणार, ज्याचं नाव त्याने उभं राहायचं, टाळ्या. रोल नंबर एक, दोन, तीन. सगळं सुरळीत चाललं होतं.

"रोल नंबर एकोणीस. सौभाग्यवती कावेरीताई केंद्रे, उद्योजिका, अन्नप्रक्रिया क्षेत्र."

टाळ्या झाल्या. कुणी उभं राहिलं नाही. मलप्पाने चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचलं. कावेरीबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ती कोण बाई हाय मला माहीत न्हाई. आली नसंल."

माइक नव्हता तरी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं. बत्तीस वर्षं मोटारीच्या घरघरीच्या वर बोलून कमावलेला आवाज.

मलप्पाने खाली पाहिलं, पान उलटलं, पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं. मी उभा राहिलो. पुढच्या खुर्चीची पाठ धरली. माझ्या हातात खोडलेली प्रत होती.

"रोल नंबर एकोणीस," मी वाचलं. "कावेरी घुगे-केंद्रे. पिठाची गिरणी, जळकोट."

त्या उभ्या राहिल्या. "हजर," म्हणाल्या, कॉलेजात म्हणायच्या तशा.

टाळ्या आधी मुलींच्या ओळीतून आल्या. मी अजून उभाच होतो. बसावं हे सुचलं नाही आणि मग वाटलं, उभा आहेच तर. "आणि रोल नंबर बावन्न, वैजनाथ पांचाळ. आवक-जावक लिपिक. वडील लोहार."

कुणीतरी हसलं. हसणारा वाईट हसला नव्हता. किशन उठला आणि म्हणाला, "मला प्रगतिशील शेतकरी लिहिलंय. शेतकरी बरोबर हाय. दुसरं काय ते माझ्या रानाला विचारा." आता सगळे हसले. नीलाबाई म्हणाली, माझ्यापुढे आर्थिक सल्लागार लिहिलंय, मी विमे विकते, कुणाला काढायचा राहिला असेल तर जेवणानंतर भेटा. बाकीचे बसून राहिले. बऱ्याच जणांचे हुद्दे खरेच होते, मलप्पाचाही. त्याने पुढचं नाव घेतलं आणि शेवटपर्यंत त्याच आवाजात वाचत राहिला. जेवायला तो आमच्या पंगतीत बसला नाही.

गाडीजवळ रविकिरण पुस्तिका हातात धरून उभा होता. माझी, खोडलेली. "काका, हे पुण्यात कुणाला दाखवू मी?"

"नको दाखवूस," कावेरीबाई गाडीत बसत म्हणाल्या. "घरी ठेव. चल, लाइट पाचला येते, सहा डबे पडलेत."

चौतीस प्रती तशाच घरोघर गेल्या, हे माझ्या डोक्यातून जाईना. जानेवारीत मी एक दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. प्रत्येक चिठ्ठीत कावेरीबाईंचं, नीलाबाईचं, किशनचं, माझं आणि बाकीच्यांचं बरोबर काय ते, आणि 'कृपया आपल्या प्रतीत चिकटवावे'. जावक क्रमांक एक ते चौतीस. मलप्पाची चिठ्ठी पोच पावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवली.

आठ दिवसांनी त्याचं पत्र आलं, समितीच्या छापील कागदावर. आपल्या दुरुस्त्यांना समितीची मान्यता नाही, असं लिहिलं होतं. मी ते त्याच रजिस्टरात आवक म्हणून नोंदवलं, त्यावर नंबर टाकला. मग पहिल्यांदाच, आलेल्या पत्राचं उत्तर स्वतः लिहायला बसलो.